गोंगाट म्हणून गाळलेली मुलगी

तुम्ही एका नऊ वर्षांच्या मुलीचा आवाज पुसलात, आणि मग तिच्याच बापाला नोटीस धाडलीत, की मुलगी घरात काही बोलत कशी नाही. आधी चोरी, मग मालकाचीच चौकशी. वर पुन्हा भाषा अशी गोड, की वाचणाऱ्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलं. चूक तुमची होती. ती कशी झाली ते इथं लिहिलंय. तुमच्या फायलीत ते सापडणार नाही. तिथं नुसते आकडे आहेत.

जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत अभिनंदन मगदूमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. कृष्णाकाठच्या पंपांच्या जळालेल्या मोटरी तिथं यायच्या. काळी पडलेली तार उपटायची, नवी तांब्याची गुंडाळायची, वार्निश द्यायचं, सुकवायचं, चालवून बघायची. हल्ली नव्या सीलबंद मोटरी आल्यात. जळल्या की फेकायच्या. दुकानात आता वार्निशचा वास महिन्यातून एखाद्या वेळी येतो. तो आला की अभिनंदनला आपल्या मुलीची, चारवीची, पाच-सहा वर्षांची मूर्ती आठवते: तारेच्या रिकाम्या रिळावर बसलेली, पाय हलवणारी, ओठ मिटलेले आणि गळ्यातून गुणगुण चाललेली. तिथून पुढची चार वर्षं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. आजही त्याला कुणी विचारलं तर तो हेच सांगेल. पण विचारलं कुणी नाही.

त्याच्या आधीचा काळ मात्र त्याला आठवला की कान गरम होतात.

चारवी, घरातली चारू, अडीच वर्षांची होती तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, स्वमग्नता आहे. तिच्याशी खूप बोला, म्हणाले. अभिनंदन बोलायला लागला. कसा बोलायचा?

"चारू, हे काय? कावळा. म्हण कावळा. हिकडं बघ. हे काय? बादली. म्हण की! हे काय?"

एक प्रश्न संपायच्या आत दुसरा. पोरगी कानावर हात ठेवून पलंगाखाली जायची. हा पलंगाखाली वाकून पुन्हा विचारायचा.

"अहो, पोलीस ठाण्यात घेतल्यागत काय विचारताय तिला?" त्याची बायको स्नेहल म्हणायची. ती पोस्टात नोकरीला, संध्याकाळी दमून यायची. "तिला श्वास तरी घेऊ द्या."

"डॉक्टर म्हणालेत बोला."

"बोला म्हणालेत. उलटतपासणी घ्या म्हणाले नाहीत."

मग सांगलीच्या अर्चनाताई भेटल्या. वाचा-उपचाराचं दोन खोल्यांचं केंद्र चालवायच्या. त्यांनी पहिल्याच भेटीत अभिनंदनला दहा मिनिटं बोलू दिलं आणि म्हणाल्या, "मेस्त्री, या दहा मिनिटांत चारूनं तुम्हाला सहा वेळा काहीतरी सांगितलं. तुम्ही सहाही वेळा तिचं बोलणं तोडलंत."

"ती तर काहीच बोलली नाही, ताई."

"तेच म्हणते मी."

त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याच्या मदतीनं एक साधी पट्टी बनवली होती. दोन पट्ट्यांची जोडी: एक मुलाच्या घोट्याला, एक पालकाच्या मनगटाला. त्यामागचं शास्त्र असं. माणूस काही सांगायला निघतो तेव्हा ते ओठावर यायच्या आधी अंगात उमटतं. त्वचेवर सूक्ष्म घाम येतो, नाडी किंचित बदलते, स्नायूंत विजेची बारीक लहर उठते. आपण सगळेच असे निघतो आणि अर्ध्या सेकंदात पोचतो. चारूसारख्या मुलांना पोचायला पाच सेकंद लागतात, सात लागतात. तेवढ्यात मोठी माणसं अधीर होऊन दुसरंच काही विचारतात, आणि मूल अर्ध्या वाटेवरून परत फिरतं. असं दिवसातून शंभरदा झालं की ते निघायचंच सोडून देतं. पट्टी ती लहर पकडायची आणि बापाच्या मनगटावर एक टिचकी मारायची. म्हणजे: ती निघालीय, तोंड मिटा, थांबा. दोन टिचक्या म्हणजे: तिला सगळं जास्त होतंय, बाजूला व्हा. बस्स. पट्टी बोलत नव्हती, गुण देत नव्हती, कुणाला काही कळवत नव्हती.

त्या लहरी फार बारीक असतात आणि भिंतीतल्या विजेच्या तारांचा गुणगुणाट त्यांच्यात मिसळतो. म्हणून अर्चनाताईंनी पट्टीत एक चाळणी घातली होती. आपली घरातली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची. तेव्हा पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे, तीनशे अशा पन्नासच्या पटीतलं जे येईल ते विजेचं, ते गाळून टाकायचं. चाळणी तिथं बरोबर होती.

पहिली टिचकी अभिनंदनला अजून आठवते. वैशाखातली दुपार. नांदणीच्या एका शेतकऱ्याची तीन हॉर्सपॉवरची मोटर भरून झाली होती, टेस्टिंग बोर्डवर चालू केली होती. चारू रिळावर. त्यानं 'मोटर, म्हण मोटर' म्हणायला तोंड उघडलं आणि मनगटावर टक् झालं. त्यानं तोंड मिटलं. मनात आकडे मोजले, तारेचे वेढे मोजतात तसे. चार. पाच. सहा. बोर्डावरचं बटण बंद करावं असं वाटत होतं, ते पण केलं नाही. आठला चारूनं गळ्यातून सूर काढला. ऊंऽऽ. थेट मोटरीचा. मोटर गुणगुणते ती सेकंदाला शंभर कंपनांनी. पोरीचा गळा लहान, तिला ते खालचं झेपत नाही, म्हणून तिनं त्याचीच तिप्पट, वरची जागा धरली होती. पण सूर त्याच घरातला. मोटरीला असा लागून, की दोन आवाज आहेत हे कळू नये.

अभिनंदननं तोच सूर परत दिला. घोगरा, बेसूर.

चारू रिळावरून उतरली. त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही, ती कधीच बघत नाही. गळ्याकडे बघितलं. मग आपला तळवा त्याच्या गळ्यावर ठेवला आणि वाट बघत राहिली.

स्नेहल जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा दोघं तसेच.

"काय चाललंय हे?"

"गप्पा," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

पुढची चार वर्षं दुकानात गप्पाच चालल्या. आखूड दोन सूर म्हणजे पाणी. लांब चढता सूर म्हणजे बरं वाटतंय. तुटक तुटक म्हणजे कर्कश हॉर्नचा टेम्पोवाला आलाय, मला आत न्या. गिऱ्हाइकं चेष्टा करायची.

"मेस्त्री, पोरगीपण मोटर झाली म्हणायची तुमची!"

"झाली तर झाली. तुमच्या मोटरीगत दर उन्हाळ्यात जळत तरी न्हाई."

नाही, ती मोटरीतले बिघाड ओळखत नव्हती. अशा मुलांतून चमत्कार काढायची हौस तुमच्या माहितीपटांना फार. ती नुसती आनंदात असायची. बापाला ती कळत होती आणि बाप तिला कळत होता. एवढ्यावर माणसं जगतात.

त्या सुरांतून हळूहळू चार-पाच शब्दही आले. 'पाणी' आला, त्याच सुरात गायलेला. 'पप्पा' आला. दोन वर्षांनी पट्टीची बॅटरी फुगली आणि ती बंद पडली. अभिनंदननं नवी मागितली नाही. लागतच नव्हती, टिचकी आता त्याच्या आतच पडायची. त्या यंत्राचा हाच मोठेपणा होता. ते आपलं काम शिकवून स्वतः निरुपयोगी झालं.

मग तुम्ही आलात, तुमचं सरकारी खातं.

कल्पना तुम्हाला आवडली. आवडण्यासारखीच होती. पण ती शहाणपणानं वाढवायची तर माणसं लागतात, अर्चनाताईंसारखी, गावोगाव. तुम्हाला माणसं नको होती, यंत्र हवं होतं. मग कर्णिका आली. पालकाच्या कानात एक बोंडूक, म्हणजे इवलासा स्पीकर, मुलाच्या गळ्यात एक लॉकेट. लॉकेटमध्ये माईक आणि कॅमेरा. मुलानं खूण केली की कानात बाई बोलणार, "पालकहो, मूल चेंडूकडे पाहत आहे. चेंडू असे म्हणा. शाब्बास." शंभरपैकी गुण, दर महिन्याला, थेट तुमच्याकडे. आणि नियम: लागोपाठ तीन महिने पस्तीसच्या खाली गुण, तर घर 'प्रतिसादशून्य' आणि मूल निवासी केंद्रात. वाढीची वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून. हेतू चांगला. तुमचा हेतू नेहमीच चांगला असतो.

मगदूमांच्या घरी पहिल्या महिन्यात एकतीस आले. दुसऱ्यात सव्वीस.

कर्णिकेच्या हिशेबानं चारू दिवसचे दिवस एकही खूण करत नव्हती. आणि बाप? बाप मधेच कारण नसताना गुणगुणायचा. कानातली बाई म्हणायची, "पालकहो, मुलाने काहीही सूचित केलेले नाही. कृपया थांबा."

स्नेहलचा धीर पहिल्यांदा सुटला. "तुम्ही दिवसभर तिला दुकानात घेऊन बसता. चार पोरांत नाही, बागेत नाही. उद्या ते तिला न्यायला आले तर?"

"अगं, ती बोलते की माझ्याशी!"

"मग त्यांना का ऐकू येत नाही?"

दोघं आठ दिवस एकमेकांशी धड बोलले नाहीत. ज्या घरात पोरीच्या एका सुरासाठी माणसं श्वास रोखून थांबायची, त्या घरात भांडी आदळायला लागली. मनात मात्र स्नेहलचा प्रश्न अभिनंदनला टोचत राहिला. प्रश्न बरोबर होता. का ऐकू येत नाही?

त्यानं मोबाइलवर कर्णिकेचा आलेख उघडला आणि लॉकेट टेबलावर ठेवलं. टाळी वाजवली: रेघ उडाली. शिट्टी मारली: उडाली. पाना खाली टाकला: उडाली. चारू शेजारी बसून गुणगुणत होती: रेघ सपाट. तिच्या तोंडाजवळ लॉकेट नेलं: सपाट. मग बोर्डवर मोटर चालू केली. सगळं दुकान घुमायला लागलं. रेघ सपाट, जणू दुकानात चिटपाखरू नाही.

तीस वर्षं पन्नास फेऱ्यांच्या विजेवर पोट भरलेला माणूस तो. त्याला पाच मिनिटं लागली. कर्णिका विजेच्या पटीतला सूर गाळत होती, आणि चारू नेमकी त्याच सुरात बोलत होती.

त्यानं अर्चनाताईंना फोन लावला. त्या आता थकल्या होत्या, केंद्र बंद झालं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ती चाळणी माझी आहे, अभिनंदन," त्या म्हणाल्या. "तारांसाठी होती. त्यांनी माझं काम जसंच्या तसं उचललं आणि माईकलाही तीच लावली. मोटर, पंखा, ट्रान्सफॉर्मर, सगळं गोंगाट म्हणून गाळायचं. कुणाच्या ध्यानात येणार? कुठलं मूल नेमकं विजेच्या सुरात बोलतं?"

"माझं बोलतंय, ताई. मीच शिकवलं तिला, न कळता. मोटरीजवळ बसवून."

"तू शिकवलं नाहीस. तू ऐकलंस. मी पत्र लिहिते त्यांना."

त्यांनी लिहिलं. अभिनंदनचंही एक पत्र गेलं. उत्तरादाखल तुमचा एक तंत्रज्ञ आला, तरुण, सभ्य. चहा घेतला, तपासलं आणि म्हणाला, "तुमचं बरोबर वाटतंय, काका. पण चाळणी अख्ख्या राज्याची एकच आहे, ती इथून बदलता येत नाही. एक सोपं करा ना. तिला थोडा वरचा सूर शिकवा. तीनशेऐवजी तीनशे तीस. मशीन लगेच पकडेल."

सोपं. आणि अभिनंदननं ते केलं. इथं त्याला माफी नाही, तो स्वतःलाही देत नाही. तिसरा महिना संपायला बावीस दिवस उरले होते आणि पोरगी जाईल ही भीती होती. त्यानं मोबाइलवर तीनशे तीसचा सूर लावला आणि चारूसमोर धरला.

"हे बघ चारू. ऊंऽऽ. इथं."

चारूनं आपला सूर दिला.

"तो नव्हं. वर. जरा वर. ऐक की! ऊंऽऽ. वर, वर की गं!"

तिनं त्याच्या गळ्यावर ठेवलेला हात काढून घेतला. मग त्याच्या तोंडावर ठेवला. गप्प, असं. तो हात बाजूला करून त्यानं पुन्हा सूर लावला. चारू कळवळून ओरडली. आणि कानातली बाई म्हणाली, "मुलाने आवाज केला. आपण तत्परतेने प्रतिसाद दिला. शाब्बास, पालकहो!"

त्या आठवड्यात गुण अठ्ठावन्नवर गेले.

समजतंय का तुम्हाला? पोरगी जितकी रडायची तितकी तुमची रेघ उडायची. बाप जितका मधे पडायचा तितकी शाबासकी. सातव्या दिवशी चारू रडायचीही थांबली. सूर नाही, 'पाणी' नाही, 'पप्पा' नाही. तहान लागली तर माठाजवळ जाऊन नुसती उभी. मोटर चालू झाली की उठून घरात जायची, पलंगाखाली.

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी स्नेहल पोस्टात गेलीच नाही. तिनं त्याच्यासमोर मोबाइल धरला. महिन्याची सरासरी सदतीस, बाजूला हिरवी खूण.

"पास झालो आपण," ती म्हणाली. "पोरगी कुठं गेली?"

त्यानं पलंगाखाली वाकून बघितलं.

"आता मी सांगते ते ऐका. ते तिला घेऊन गेले तर आपण त्यांच्याशी भांडू. भांडून आणू. पण अशी गेली तर कुणाशी भांडायचं? तुमच्याशी?"

त्यानं कानातलं बोंडूक काढलं. चारूच्या गळ्यातलं लॉकेट काढलं. दोन्ही पाकिटात घालून स्नेहलनं स्वतःच्या हातानं रजिस्टर पोस्टानं तुमच्याकडे परत पाठवलं. पोचपावती आहे.

नंतर तो चारूजवळ पलंगाशेजारी जमिनीवर बसला. काही विचारलं नाही. काही शिकवलं नाही. दुकान उघडलं नाही. सकाळ, दुपार, दुसरी सकाळ. एकोणीस दिवसांनी तिनं बाहेर येऊन त्याच्या गळ्यावर हात ठेवला, तोही दोन बोटं फक्त. आता ती पुन्हा गुणगुणते. पण पूर्वीच्या निम्मी. लांब चढता सूर अजून आलेला नाही. रिकामं दुकान असलं की अभिनंदनला तो कानात ऐकू येतो, आणि वळून बघावं तर ती शांत बसलेली असते. मूल शेजारी असताना त्याच मुलाची आठवण येणं काय असतं, याचा रकाना तुमच्या फॉर्मात नाही.

यंत्र परत केलं म्हणून गुण शून्य धरले गेले. नव्यानं तीन महिने मोजले, आणि आदेश निघाला. सोमवारी गाडी येईल. मुलीचे कपडे, आवडीची एक वस्तू तयार ठेवावी. हरकत असल्यास गुरुवारी अकरा वाजता सुनावणी. मुलीला सोबत आणू नये.

गुरुवारी मगदूम नवरा-बायको तुमच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. चारू अर्चनाताईंजवळ राहिली. टेबलामागे तुमच्या समितीचे तिघं. मधे मॅडम, शांत, नीटनेटक्या. वाईट बाई वाटत नव्हत्या.

"मगदूम, तुमचा मुद्दा आम्ही वाचला. पुरावा?"

"मॅडम, माझ्या मोबाइलवर तिचं बोलणं भरून आणलंय. ऐका की."

"खाजगी ध्वनिमुद्रण ग्राह्य नाही. प्रमाणित उपकरणावरचं द्या. लॉकेटचं."

"लॉकेटनं तर तिचा आवाज पुसलाय. तीच तर तक्रार हाय!"

"आम्ही लॉकेटचं सर्व ध्वनिमुद्रण ऐकलं. त्यात मुलीचा आवाज नाही."

"नसणारच! तुम्हीच गाळलाय तो!"

"आवाज चढवू नका. नसलेल्या आवाजावर समिती निर्णय कसा घेणार?"

डावीकडचे गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, "मधे तुमचे गुण छान वाढले होते. अठ्ठावन्न! म्हणजे तुम्हाला जमतं. तसंच चालू ठेवायचं होतं ना."

स्नेहलनं नवऱ्याचा हात धरला. तिला वाटलं, आता हा टेबल उलथणार. अभिनंदननं टेबलाला हात लावला नाही. समोरची खुर्ची ओढली आणि कुणी बसा म्हणायच्या आत बसला.

"त्या आठवड्यात मी माझ्या पोरीला छळलं, साहेब. तुमच्या कागदावर तो माझा सगळ्यात चांगला आठवडा हाय. आता मी ओरडणार न्हाई. एकच विचारतो."

"लेखी द्या," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या बैठकीत घेऊ."

"पुढची बैठक कधी?"

"पंधरा दिवसांनी."

"गाडी सोमवारी येणार."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. बाहेर पुढचे आई-बाप थांबले होते.

"माझी पोरगी नऊ वर्षांची हाय," अभिनंदन म्हणाला. "तिचं घर तोडायचा कागद तुमच्यासमोर हाय. तो काढायच्या आधी, तुम्ही तिघं, तुमच्या वरचे, खालचे, या अख्ख्या इमारतीतलं एक माणूस जयसिंगपूरला येऊन माझ्या पोरीजवळ बसलं होतं का? तासभर न्हाई, दहा मिनिटं? तो तंत्रज्ञ आलता, तो यंत्र बघायला आलता. तिला बघायला, ऐकायला कोण आलतं? यंत्राचं नाव नको. खात्याचं नको. माणसाचं नाव सांगा, मॅडम. कोण?"